झील ओढायला माणूस लागतो : बडोद्यातले लोककला वर्ग आणि टाळेबंदीची पार्श्वभूमी

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच ठरला. गुजरातेतल्या शाळा, महाविद्यालयं आणि नाट्यगृहं त्याआधीच, १६ मार्चपासून, बंद झाली होती. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या पट्ट्यात वाड्याच्या एखाद्या खोलीत नाहीतर देवळाच्या ओसरीवर संबळ, ढोलकी, पोवाडा, भारूड, लेझीम शिकवणारे छोटे मराठी वर्ग असतात. त्यांना ‘बंद करा’ असं पत्र कुणी पाठवलं नाही. पाठवणार तरी कुठे? पाटी नाही, लेटरहेड नाही. एरवी पंधरा-वीस मुलं, एक शिकवणारे काका आणि कोपऱ्यात खुंटीला टांगलेली हलगी एवढाच सगळा संसार.

मे महिन्यापर्यंत शहरातले बरेचसे शास्त्रीय गाण्याचे क्लास फोनवर सुरू झाले होते. लोककलेचे झाले नाहीत. जे झाले ते महिनाभरात थंडावले. तेव्हा याचं खापर नेटवर फोडलं गेलं. नेट सगळ्यांचं सारखंच रडत होतं. फरक शिकवण्याच्या पद्धतीत होता, आणि ती पद्धत याच शहरात सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी ठरली होती.

१८८६मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या आश्रयाने मौलाबक्ष घिस्सेखान यांनी बडोद्यात गायनशाळा काढली. तोवर गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि मिळेल तेव्हा मिळेल तेवढं उचलायचं. इथे ठरलेली वेळ आली, इयत्ता आल्या, छापील पुस्तकं आली आणि मुख्य म्हणजे स्वरलेखन आलं. सूफी गुरू म्हणून पुढे युरोप-अमेरिकेत नाव झालेले इनायत खान हे मौलाबक्षांचे नातू. ते याच वातावरणात वाढले. १९१६मध्ये संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच. १९४९मध्ये विद्यापीठ झालं आणि सूरसागर तलावाजवळची ही संस्था त्यात सामील झाली. आज तिचं मंचकला विद्याशाखा असं भारदस्त नाव आहे.

या सगळ्याचं मोठेपण नाकारायचं कारण नाही. पण गायनशाळेच्या दारातून जे आत आलं ते कागदावर उतरणारं होतं. एक म्हणणारा, बाकीचे ऐकून परत म्हणणारे. चुकलं तर पुन्हा. पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आल्या आणि प्रारंभिक ते विशारद अशी शिडी तयार झाली. गोंधळ, वाघ्यामुरळी, भारूड, शाहिरी यांना ती शिडी मिळाली नाही. दरबाराला त्यांचं वावडं होतं असं नव्हे. गायकवाडांचं मूळ गाव पुण्याजवळचं दावडी, कुलदैवत खंडोबा. जागरण-गोंधळ त्यांच्याबरोबरच गुजरातेत आला. पण तो कुळाचार म्हणून आला, विषय म्हणून नाही. कुळाचाराला फी नसते, बिदागी असते. अभ्यासक्रम नसतो, मुहूर्त असतो. लेझीम तेवढी नशीबवान. प्रा. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांमुळे सांघिक कवायतीला प्रतिष्ठा मिळाली आणि लेझीम शाळेच्या मैदानावर गेली. संबळ मात्र गोंधळ्याच्या कमरेलाच राहिला.

साथीच्या काळात लोककला बंद ठेवायची, हीच मुळात अलीकडची गोष्ट आहे. आधीच्या काळात साथ आली की लोककलावंताला उलट बोलावणं यायचं. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा निघायचा, पोतराज अंगावर कोरडे ओढत दारोदार फिरायचा. गुजरातेत देवीच्या साथीसाठी बळियाकाका आणि शीतळामाता ही दैवतं. बडोद्याचाच सतराव्या शतकातला कवी प्रेमानंद. त्याचं ‘ओखाहरण’ चैत्रात ऐकलं की ताप येत नाही, असं गुजराती घरांत आजही मानतात. ही आख्यानं सांगणारे माणभट्ट बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या घड्यावर ताल धरतात. आपल्या कीर्तनकाराचा हा सख्खा चुलतभाऊच म्हणायचा. म्हणजे चैत्र आणि ताप एकत्र आले की माणसांनी एकत्र बसून ऐकायचं, हा रिवाज. २०२०च्या चैत्रात नेमकं तेच करायला बंदी होती.

ही बंदीची कल्पना कुठून आली, तर प्लेगातून. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उघड झाला आणि १८९७मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात साथरोग कायदा आला. गर्दी म्हणजे रोग, हे सरकारी पातळीवर तेव्हा पक्कं झालं. जत्रा-यात्रांवर, प्रवासावर बंधनं आली. मार्च २०२०मध्ये गुजरात सरकारने कोविडचे नियम केले ते याच १८९७च्या कायद्याखाली. बडोदे संस्थानालाही प्लेगाने सोडलं नाही, आणि त्यातच छप्पन्नचा दुष्काळ आला, म्हणजे विक्रम संवत १९५६चा, १८९९-१९००चा. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर उतरली. १९१८च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. गायनशाळा या सगळ्यातून तरली, कारण तिच्या मास्तरांचा पगार दरबारातून येत होता. गोंधळ्यांच्या, वाघ्यांच्या किती फडांची साखळी या वर्षांत तुटली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. हिशेब ठेवण्यासाठी आधी हजेरीपट लागतो.

१९६० हे वर्षही इथे महत्त्वाचं. १ मे रोजी गुजरात वेगळा झाला आणि बडोद्याचा मराठी कलावंत दोन राज्यांच्या फटीत सापडला. वृद्ध कलावंतांचं मानधन महाराष्ट्र देतो, पण ते तिथल्या रहिवाशांना. २०२१मध्ये महाराष्ट्राने कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपयांची कोविड मदत जाहीर केली, तीही अर्थात तिथल्यांनाच. गुजरातच्या योजनांची नजर भवाईचं लोकनाट्य, गरबा, लोकगीतांचा डायरा यांच्याकडे. त्यात गैर काही नाही. पण बडोद्यातल्या गोंधळ्याने जायचं कुणाकडे? २०१८मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झालं. मांडव, दिंडी, लेझीम, पोवाडे, सगळं दणक्यात. ते आटोपल्यावर या वर्गांच्या वाट्याला फोटो आले. हे जरा कडू वाटेल, पण आहे ते असं आहे.

आता प्रत्यक्ष बंदीच्या दिवसांतलं. असा एक वर्ग मी जवळून पाहिला आहे. मे महिन्यात काकांनी फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला आणि सात-आठ मुलांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. काका संबळ वाजवणार, एक मुलगा तुणतुणं धरणार, बाकीचे झील ओढणार. झील म्हणजे शाहिराची किंवा गोंधळाच्या मेळातल्या मुख्य गाणाऱ्याची, नाईकाची, ओळ संपता संपता मागच्यांनी ‘जी जी रं जी’ करून ती वर उचलायची. ओळ संपल्यावर नव्हे, संपता संपता. त्यातच सगळी गंमत आहे.

पहिल्याच ओळीला सात मुलांची झील सात वेळा आली.

“अरे, घाई का करतोयस?” काका म्हणाले.

“मी बरोबरच येतोय काका, तुम्हीच उशिरा ऐकू येताय.”

दोघंही खरं बोलत होते. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो; त्यापुढे लय घसरायला लागते. साध्या व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. शिवाय ही अ‍ॅप्स बोलण्यासाठी बनवलेली. दोघांचा आवाज एकदम आला की ती एकाला दाबतात, आणि सलग येणारा आवाज त्यांना गोंगाट वाटतो. तुणतुण्याचा आवाज सलगच असतो. त्यामुळे तुणतुणं धरलेला मुलगा पडद्यावर इमानेइतबारे बोट हलवताना दिसत होता, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. अ‍ॅपने तुणतुण्याला पंख्याच्या आवाजात जमा केलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येतं, हे कळायला जुलै उजाडला.

खयालाच्या क्लासला याची झळ कमी बसली, कारण तिथे पाळीपाळीने चालतं. गुरूने म्हणायचं, थांबायचं, शिष्याने म्हणायचं. मधला अर्धा सेकंद कुणाच्या लक्षातही येत नाही. तंबोऱ्याचं अ‍ॅप ज्याच्या त्याच्या घरी. अभ्यासक्रम छापलेला, परीक्षा पुढे ढकललेली असली तरी व्हायचीच होती, त्यामुळे पालक फी भरत राहिले. मौलाबक्षांनी गाणं वर्गात बसवलं तेव्हाच ते एका अर्थाने फोनवर बसण्याजोगं झालं होतं. लोककलेत शिकायची असते ती संगत, आणि ती पाळीपाळीने शिकता येत नाही.

मुलांनी मग आपल्या परीने तोड काढली. काका ठेका रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे. मुलं कानात तो ऐकत आपली झील दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायची. आणि एडिटिंग येणारा एक कॉलेजचा मुलगा सगळं एकावर एक चढवायचा. कोरोनावरचा पोवाडा असाच तयार झाला आणि बऱ्यापैकी फिरला. ऐकायला चोख होता. काकांना तो आवडला नाही. गोंधळात संबळवाला नाईकाच्या तोंडाकडे बघून वाजवतो. आख्यान रंगलं, नाईक लांबला, तर हात हलका करून थांबतो, पुढच्या ‘उदे गं अंबे उदे’ला पुन्हा उचलतो. रेकॉर्ड केलेला ठेका कुणासाठी थांबत नाही. काकांचं म्हणणं एवढंच होतं की ही पोरं वाजवायला शिकताहेत, थांबायला नाही.

खोलीत अडकलेल्या वाद्यांचं वेगळंच. पाऊस सुरू झाला तशी कातडी दमट झाली. हलगी एरवी वाजवण्याआधी शेकून घेतात, ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, रोजच्या हाताने ताणात राहते. तीन-चार महिने हात लागला नाही तेव्हा पुड्या उतरल्या, एका हलगीला बुरशी धरली. पुडी बदलून देणारेही आपापल्या घरात बसलेले.

पैशाचं गणित याहून वाईट होतं, कारण ते हंगामाचं होतं. मराठी लग्नं चैत्र-वैशाखात, आणि लग्नानंतर गोंधळ. मेपासून लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. यादीतून आधी कोण कापलं जाणार? चार-पाच जणांचा गोंधळ्यांचा मेळ. ऑगस्टमध्ये सार्वजनिक गणपती बसले नाहीत. ऑक्टोबरमध्ये नवरात्रात गरब्याला परवानगी मिळाली नाही; आरती-पूजा तासाभराची, २०० माणसांच्या आत. बडोद्यातले मराठी ढोलकीवाले गरब्याच्या वाद्यवृंदातही बसतात, आणि त्या नऊ रात्रींच्या कमाईवर अनेकांचं वर्षातलं निम्मं घर चालतं. तेही गेलं. नोव्हेंबरात बडोद्यासह चार शहरांत रात्रीची संचारबंदी लागली. दिवसा थोडीफार ढील होती, पण जागरण नावाप्रमाणे रात्रभराचंच. ते दुपारी दोनला कसं घालायचं? काहींनी घातलंही. यजमानांनी सुपारी देऊन ‘सहापर्यंत आवरा’ सांगितलं, आणि दिवटी उन्हात पेटवावी लागली.

वर्गांनी काय केलं, तर जे जमलं ते. फी माफ केली. खोलीचं भाडं थकलं. कुठे घरमालकाने सांभाळून घेतलं, कुठे खोली गेली. दिवाळीनंतर अगाशीवर, अंतर ठेवून, चार-चार मुलांच्या तुकड्या बसवल्या. एप्रिल २०२१च्या दुसऱ्या लाटेने तेही बंद पाडलं, आणि त्या लाटेत गेलेल्या जुन्या जाणत्यांबरोबर तोंडपाठ असलेली कवनंही गेली. ती कुणाच्या वहीत नव्हती. त्या वर्षीच्या नवरात्रात शेरीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, गरब्याला ४०० माणसांपर्यंत परवानगी मिळाली, तेव्हा कुठे ढोलकीला पुन्हा हात लागला.

२०२२मध्ये निर्बंध उठल्यावर वर्ग भरले, पण मुलं बदलली होती. दहावी-बारावीतली गळाली, लहान आली, आणि त्यांना सोडायला येणाऱ्या आयांपैकी दोघी-तिघी स्वतःच झील ओढायला बसू लागल्या. काकांनी आता एका मुलीला हाताशी धरून संबळाचे बोल आणि कवनं वहीत उतरवायला घेतली आहेत. परीक्षेसारखं काहीतरी करावं, प्रमाणपत्र द्यावं, म्हणजे पालक टिकतील, असाही विचार चालला आहे. दुसरे एक बुजुर्ग संबळवाले याच्या विरोधात आहेत. त्यांच्या मते एकदा वहीत गेलं की पोरं नाईकाच्या तोंडाकडे बघायची सोडून वहीकडे बघतील. काका म्हणतात, वही असती तर दुसऱ्या लाटेत गेलेली कवनं तरी वाचली असती. वाद मिटलेला नाही. सध्या वहीत बोल आणि शब्द आहेत, झील कुठे उचलायची त्या जागा मात्र कोऱ्या सोडल्या आहेत, कारण तिथे काय खूण करायची यावर दोघांचं एकमत होत नाही.