इलेक्ट्रिक गिटारवरील वापराच्या खुणा

वापरलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या रंगलेपावर, लाकडावर आणि धातूच्या भागांवर कालांतराने उमटणारे ओरखडे, पोचे, टवके, तडे, डाग व गंज यांना वापराच्या खुणा म्हणतात. त्यांनी वाद्याचे रूप बदलते, सूर सहसा बदलत नाही. झिजलेले फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), पिळलेली नेक (गिटारची मान) किंवा हेडस्टॉकजवळ (मानेच्या टोकाच्या, खुंट्यांच्या भागाजवळ) लाकडात गेलेली भेग हे मात्र दोष होत. जुने वाद्य घेणाऱ्याला हा भेद ओळखता आलाच पाहिजे.

खऱ्या खुणा वादकाच्या शरीराचा माग काढत जातात. उजव्या हाताचा पुढचा भाग बॉडीच्या वरच्या कडेवर सतत घासतो, म्हणून रंग आधी तिथला जातो; पाठीमागे कमरपट्ट्याच्या बक्कलचे बारीक चरे दाटीने उमटतात; आणि मेपल लाकडाच्या फिंगरबोर्डवरचे (मानेवरची, बोटांनी तारा दाबायची पट्टी) लॅकर बोटांखाली झिजून उघड्या पडलेल्या लाकडावर करडे-काळे डाग धरतात. घामाने निकेलचा मुलामा निस्तेज होतो व ब्रिजचे (बॉडीवरचा तारांचा आधार) स्क्रू गंजतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हे लवकर घडते.

खुणेचे स्वरूप बरेचसे रंगलेपावर ठरते. फेंडर आणि गिब्सन या अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या गिटारवरचे नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ असते व वयाबरोबर ठिसूळ होते. थंडीतून एकदम उबेत आलेले लाकूड फुगते, लॅकरला तितके ताणता येत नाही, आणि त्यावर केसासारख्या तड्यांचे जाळे पसरते. गिटार उजेडात तिरपी धरली की ते स्पष्ट दिसते. स्टँडच्या रबरानेही हे लॅकर मऊ पडून डागाळते. फेंडरने 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्वीकारलेला पॉलिएस्टरचा जाड थर असा तडकत नाही, पण आपटला की त्याचा टवका उडतो. गिब्सनच्या 1958 ते 1960 मधील सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद रंगाच्या) लेस पॉल गिटारांपैकी अनेकींचा लाल रंग प्रकाशाने विटून मधासारखा पिवळसर झाला आहे, आणि संग्राहकांना तो दोष वाटत नाही.

नेक बॉडीला मिळते त्या खाचेच्या कोपऱ्यातली बारीक रेघ पाहून ग्राहक घाबरतो. बहुधा ती रंगापुरतीच असते. नेक सोडवून आतले कोरे लाकूड पाहिले की खात्री पटते.

आयरिश वादक रोरी गॅलाघर यांच्या 1961 च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवरचा रंग बहुतांशी उडून लाकूड उघडे पडले होते, तरी त्यांनी ती आयुष्यभर वाजवली. अशा वाद्यांच्या ओढीतूनच कारखान्यात मुद्दाम जुनी केलेली गिटार विकली जाऊ लागली: फेंडरने 1995 मध्ये ‘रेलिक’ मालिका आणली, गिब्सनने 2021 मध्ये ‘मर्फी लॅब’. उलट, अस्सल जुन्या गिटारला नवा रंग दिला तर तिची किंमत बरीच घसरते; म्हणून झिजलेला मूळ रंग तसाच राखणे श्रेयस्कर. कृत्रिम झीज बहुधा तपशिलात उघडी पडते: रंग पार उडालेला, पण त्याच हाताखालचा ब्रिज नव्यासारखा चकचकीत.