'कुंग फू फायटिंग': उरलेल्या दहा मिनिटांचं गाणं

कुंग फूचा विषय निघाला की कुणीतरी हवेत हात चालवून 'हू! हा!' करतंच. हे हुंकार जगभर पोचवले ते 1974 च्या 'कुंग फू फायटिंग' या गाण्यानं. गायक आणि गीतकार कार्ल डग्लस, मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा. निर्माता बिद्दू अप्पय्या, आपल्या बंगळूरचा. गाणं झालं लंडनमध्ये. चीनशी या मंडळींचा संबंध आला तो सगळ्यांसारखाच, सिनेमाच्या पडद्यावरून.

आणि तेव्हा तो पडदा कुंग फूनं व्यापलेला होता. डेव्हिड कॅराडाइनची 'कुंग फू' मालिका अमेरिकेत 1972 पासून सुरू होती. 1973 मध्ये हाँगकाँगचे मारधाडपट तिथल्या शहरांतल्या स्वस्त थिएटरांत गर्दी खेचू लागले. कृष्णवर्णीय तरुण हा त्यांचा मोठा प्रेक्षक. 20 जुलै 1973 रोजी ब्रूस ली गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, आणि पुढच्याच महिन्यात 'एंटर द ड्रॅगन' अमेरिकेत लागला. वेड मग लंडनच्या रस्त्यांवरही उतरलं. पोरं येता-जाता एकमेकांवर कुंग फूचे हात टाकायची. ते पाहूनच गाणं सुचलं, असं डग्लसनं सांगितलं आहे.

बिद्दू भारतात मुंबई-कलकत्त्याकडच्या हॉटेलांत गिटार घेऊन गायचा. 1967 मध्ये तो लंडनला पोचला, अमेरिकन वकिलातीच्या स्वयंपाकघरात बर्गर भाजले, आणि साठलेल्या पैशांतून स्टुडिओ भाड्यानं घेऊ लागला. 1972 च्या 'एम्बसी' चित्रपटासाठी त्यानं डग्लसकडून गाऊन घेतलं होतं, तेव्हा ओळख होतीच.

पुढे एका वेगळ्याच गाण्यासाठी त्यानं डग्लसला बोलावलं. लॅरी वाइसनं लिहिलेलं ते गाणं रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर जायचं होतं. स्टुडिओ तीन तासांसाठी घेतला होता आणि त्यातला बहुतेक वेळ त्या एका गाण्यानंच खाल्ला. दुसऱ्या बाजूला काहीतरी भरायला हवं म्हणून बिद्दूनं डग्लसकडे काय लिहिलेलं आहे ते मागितलं, चार-दोन कागदांतून कुंग फूचा उचलला, तिथल्या तिथे चाल बसवली. शेवटच्या दहाएक मिनिटांत, दोन टेकमध्ये काम आटोपलं. मागची बाजू ऐकतंय कोण, या हिशेबानं बिद्दूनं 'हू-हा' मनसोक्त टाकले. माझ्या मते गाण्याची जान त्या बेफिकिरीतच आहे. पहिल्या बाजूच्या गाण्यावर जेवढी मेहनत घेतली तेवढी इथे घेतली असती, तर हुंकार सगळ्यात आधी कापले गेले असते.

पाय रेकॉर्ड्स कंपनीच्या रॉबिन ब्लँचफ्लॉवरनं दोन्ही बाजू ऐकल्या आणि कुंग फूचीच बाजू पुढे हवी असा हट्ट धरला. सुरुवातीला रेकॉर्ड विकली जाईना. मग डिस्कोथेकमध्ये ती वाजू लागली आणि चित्र पालटलं. त्याच उन्हाळ्यात 'रॉक द बोट' आणि 'रॉक युवर बेबी' ही गाणी क्लबांतूनच वर आली होती. हेही त्याच वाटेनं गेलं: सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक, तीन आठवडे, डिसेंबरमध्ये अमेरिकेत दोन आठवडे. खप 1 कोटीच्या वर गेल्याचं सांगितलं जातं.

गाण्यातली ती 'चिनी' सुरावट मात्र चीनची म्हणता येणार नाही. पूर्वेकडचं पात्र आलं की वाजवायचे ठरावीक सूर पाश्चात्त्य रंगभूमीनं एकोणिसाव्या शतकापासून घोटून ठेवले होते. पुढे व्यंगचित्रपटांनी ते उचलले. बिद्दूनं तोच तयार माल वापरला. शब्दांतही चिनी माणसांसाठी आज खटकणारा उल्लेख आहे. 2011 मध्ये इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर हे गाणं गाणाऱ्या एका पब-गायकाला तक्रारीवरून अटकही झाली. मला ही अटक अति वाटते. आक्षेप मात्र अजिबात पोकळ नाही.

तरी गाणं टिकलं. 1998 मध्ये 'बस स्टॉप' या ब्रिटिश डान्स गटानं डग्लसलाच सोबत घेऊन ते ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत नेलं. 2008 च्या 'कुंग फू पांडा'साठी सी-लो ग्रीन आणि जॅक ब्लॅक यांनी ते गायलं, तर 2016 मध्ये तिसऱ्या भागासाठी 'द व्हॅम्प्स' या बँडनं.

आपल्याकडे त्याची वाट बिद्दूमार्फतच आली. त्याचा नावलौकिक ऐकून फिरोज खाननं त्याला 'कुर्बानी'साठी (1980) गाठलं. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण 'आप जैसा कोई' तेवढं बिद्दूचं. लंडनमध्ये वाढणाऱ्या शाळकरी नाझिया हसननं ते गायलं आणि फिल्मफेअर पटकावलं. 1981 मध्ये दोघांचं 'डिस्को दीवाने' आलं, जे 2012 च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये पुन्हा वाजलं. 1995 चं अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'ही बिद्दूचंच. त्याच्या व्हिडिओत लाकडी पेटीतून निघणारा मिलिंद सोमण आपल्या एका अख्ख्या पिढीला आठवतो. संगीतकाराचं नाव किती जणांना सांगता येईल, शंकाच आहे.

डग्लसनं लगोलग 'डान्स द कुंग फू' काढून पाहिलं. ते ब्रिटनमध्ये 35 व्या आणि अमेरिकेत 48 व्या क्रमांकावर अडकलं.