मोठ्या आतड्यातील पॉलिप: एपीसी जनुक आणि कॉक्स-२ विकर यांच्या शोधाची पार्श्वभूमी

मोठ्या आतड्याचा कर्करोग सहसा एकाएकी उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी अ‍ॅडिनोमा प्रकारचे पॉलिप, म्हणजे सुरुवातीला सौम्य असलेले गाठीसारखे उंचवटे, उगवतात आणि त्यांतल्या मोजक्यांचे पुढे अनेक वर्षांनी कर्करोगात रूपांतर होते. हा प्रवास उलगडला तो मुख्यतः फॅमिलिअल अ‍ॅडिनोमॅटस पॉलिपोसिस या दुर्मीळ आनुवंशिक विकारामुळे. त्यात किशोरवयापासूनच शेकडो, कधी हजारो पॉलिप होतात आणि मोठे आतडे वेळीच काढले नाही, तर कर्करोग जवळपास अटळ असतो.

१९८६ मध्ये अशा एका रुग्णाच्या पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गहाळ असल्याचे आढळले, पुढच्याच वर्षी कुटुंबांच्या अभ्यासातून दोषी जनुकाची जागा त्याच गुणसूत्रावर निश्चित झाली आणि १९९१ मध्ये एपीसी हे जनुक हाती लागले. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची विल्हेवाट लावण्याच्या कामी एपीसीची गरज असते. ते निकामी झाले की पेशींना वाढीचा संदेश अखंड मिळत राहतो. आनुवंशिक विकार नसलेल्या लोकांच्या साध्या पॉलिपांतही बहुधा हाच बिघाड सुरुवातीला होतो. एरिक फिअरन व बर्ट फोगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये केरास, पी५३ या जनुकांतल्या पुढच्या बिघाडांसह या टप्प्यांची मांडणी केली. बिघाडांच्या क्रमापेक्षा त्यांचा साठत जाणारा संचय महत्त्वाचा, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. ही मांडणी आज सांगितली जाते तेव्हा नेमका हा भाग गळतो, याची खंत वाटते.

विकराची, म्हणजे एन्झाइमची, वाट निराळी होती आणि ती औषधापासून सुरू झाली. १९८३ मध्ये विल्यम वॉडेल यांना सुलिंडॅक हे वेदनाशामक घेणाऱ्या पॉलिपोसिसच्या रुग्णांचे पॉलिप नाहीसे होताना दिसले. दहा वर्षांनी २२ रुग्णांवरील नियंत्रित चाचणीत नऊ महिन्यांच्या उपचारानंतर पॉलिपांची संख्या मूळच्या ४४ टक्क्यांवर आली, मात्र औषध थांबवताच ती पुन्हा वाढू लागली. अशी औषधे सायक्लोऑक्सिजनेज हा विकर रोखतात, हे जॉन वेन यांच्या १९७१ मधील संशोधनामुळे ठाऊक होते. त्याचे कॉक्स-२ हे दुसरे रूप १९९०च्या दशकाच्या आरंभी सापडले. निरोगी अस्तरात ते क्वचितच आढळते. १९९४ मध्ये मात्र सुमारे निम्म्या अ‍ॅडिनोमांत आणि बहुसंख्य कर्करोगांत त्याची अभिव्यक्ती, म्हणजे निर्मिती, वाढलेली दिसली.

तरीही हा विकर पॉलिपाचे कारण आहे की केवळ सोबती, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर १९९६ मध्ये जपानमधील माकोतो ताकेतो यांच्या गटाने दिले. एपीसी बिघडलेल्या उंदरांत त्यांनी कॉक्स-२चे जनुकही निकामी केले, तेव्हा सरासरी ६५२ पॉलिपांऐवजी जेमतेम ९३ उरले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत निर्णायक प्रयोग, कारण उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातील बिघाड, सुरुवात करते आणि विकर त्या वाढीला बळ देतो, हे त्याने एकाच प्राण्यात दाखवले.

त्या बळावर निवडक कॉक्स-२ रोधके, म्हणजे मुख्यतः हाच विकर रोखणारी औषधे, रुग्णांपर्यंत पोहोचली आणि १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत सेलेकॉक्सिबला पॉलिपोसिससाठी मान्यता मिळाली. पण २००४ मध्ये, पॉलिप टाळण्यासाठीच आखलेल्या चाचणीत, रोफेकॉक्सिब हे याच गटातले औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले आढळले. ते औषध बाजारातून मागे घेतले गेले आणि सेलेकॉक्सिबची पॉलिपोसिससाठीची मान्यताही पुढे संपुष्टात आली.