सफेद मुसळी आणि काळी मुसळी: सालीच्या रंगावर जाऊ नका

बहुतेकांना वाटतं सफेद मुसळी आणि काळी मुसळी म्हणजे एकाच झाडाचे दोन रंग, जशी आपल्याकडे लाल तूर अन् पांढरी तूर असते तसं. पण तसं काहीच नाही. दोन्ही वर्षानुवर्षं जमिनीत टिकतात, दोन्ही पावसाळ्यात वर येतात, दोन्हीच्या मुळ्या औषधात जातात, साम्य म्हणाल तर एवढंच. सफेद मुसळी म्हणजे क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम, मुंबईच्या बोरिवलीवरून नाव पडलंय, फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी दिलेलं, कुळ शतावरीचं. काळी मुसळी म्हणजे कर्कुलिगो ऑर्किऑइडिस, गेर्टनर नावाच्या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञानं 1788 साली नोंदवलेली, तिचं कुळच वेगळं, हायपॉक्सिडेसी.

गोंधळाचं मूळ सालीत आहे. सफेद मुसळीची पानं दिवाळीच्या आगेमागे पिवळी पडून जमिनीवर लोळली, की मातीतल्या मुळ्यांची साल हळूहळू तपकिरी आणि मग चांगली काळपट होते, माल पक्का झाल्याची खूणच ती. म्हणजे पक्की सफेद मुसळी काढली तर ती वरून काळीच दिसणार! आणि काळी मुसळी मोडून पाहा, आतून पांढुरकी निघते. आता सांगा, रंगावरून काय ओळखणार. तरी लोकं नखानं साल खरवडतात, आत पांढरं दिसलं की खूश.

खरी ओळख मुळ्यांच्या ठेवणीत. सफेद मुसळीचं झुडूप उपटलं की पानांच्या बुडाशी एक छोटी चकती असते, ते तिचं खोड, आणि त्या चकतीला खाली बोटभर लांबीच्या फुगीर मुळ्यांचा झुबका लटकलेला, वर जाड अन् शेंड्याकडे निमुळत्या होत गेलेल्या. काळीला झुबका बिबका काही नाही. एकच कंद, सरळ उभा खाली गेलेला, अंगठ्याएवढा जाड, आणि त्याला बाजूनं आडव्या सुरकुत्या पडलेल्या मांसल उपमुळ्या. मुरमाड जमिनीत सब्बल लावल्याशिवाय तो अख्खा निघत नाही, अर्धा तुटून आतच राहतो. आठवडी बाजारात एक आजी मुळ्या घेऊन बसली होती, मी सफेद समजून भाव विचारला तर तिनं मलेच समजावलं, "बाबू, हे काई मुसई हाय, हे एकटी राह्यते, पांढरीचा घोस राह्यते." पुस्तकातल्या दोन पानांचं काम एका वाक्यात.

पानं पाहायची तर पावसातच पाहा. सफेदची पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरतात, मऊ, गुळगुळीत, कडेनं जराशी नागमोडी, आणि जंगलाकाठच्या गावांत कोवळी असताना त्यांची भाजीही होते. काळीची पानं अरुंद, लांब, उभ्या घड्या पडलेली, अंगावर विरळ लव, त्यामुळे सागाच्या जंगलात गवताच्या आणि शिंदीच्या रोपांत ती अशी मिसळून जाते की पाय पडला तरी कळत नाही. एक गंमत मात्र तिच्याकडेच आहे. पानाचं टोक वाकून ओल्या मातीला टेकलं की तिथंच मूळ फुटतं अन् नवं पिलू तयार होतं.

फूल दिसलं तर मग प्रश्नच मिटला. सफेदचा दांडा पानांच्या मधून वर येतो, त्यावर पांढरी फुलं, सहा पाकळ्या, मधे पिवळे पुंकेसर, फुलायला सुरुवात खालून होते अन् शेंड्याकडे कळ्या राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये लांबूनही दिसतं. काळीचं फूल पाहायला गुडघ्यावर बसावं लागतं. पिवळंजर्द, सहा पाकळ्यांची चांदणी, पण पार मातीला चिकटून. आपल्याला वाटतं फुलाला बारीक देठ आहे, पण तो देठ नाहीच, ती फुलाचीच लांबलेली मान आहे, आणि तिच्या खाली अंडाशय पानांच्या बुडख्यात, मातीआड दडलेलं. म्हणजे फूल वर अन् फळ जमिनीत. शिवाय खालची फुलं उभयलिंगी आणि वरची नुसती नर, हे बोटानं पान बाजूला सारून नीट पाहिलं तर कळतं. सफेदचं फळ उघड्यावर दांड्यावरच धरतं, तीन कोनांचं, वाळलं की फुटून बारीक काळं बी सांडतं.

सफेदच्या घरातच एक सोंगाडी आहे बरं का, क्लोरोफायटम ट्यूबरोसम. फूल तसंच पांढरं, उलट मोठंच, पण हिची मूळ सुतळीसारखी बारीक जाते आणि गाठ टोकाला लोंबते, चकतीला चिकटून नसते. आणि शतावरीच्या सोललेल्या मुळ्या तर बाजारात सर्रास सफेद मुसळी म्हणून खपतात. यात निदान विषबाधा तरी नाही. कळलावीचं तसं नाही, तिचा कंदही पावसाळ्यातच जंगलात सापडतो आणि त्यात कोल्चिसीन नावाचं विष असतं, जीव जाऊ शकतो, म्हणून पानाच्या टोकाला वेलीसारखा गुंडाळा दिसला की हात लावायचा नाही. व्हॉट्सअॅपवरचा फोटो पाहून मुळ्या उकरणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

सुका माल घेताना सफेद ही सोलूनच विकतात, मळकट पांढरी, सुरकुतलेली, कडक वाळली असेल तर कट्‌कन मोडते. अंजनगाव सुर्जी, अकोट भागात पानपिंपरीसोबत (म्हणजे पिंपळीसोबत) हिची शेती होते, सोलायचं काम सगळं हातानं, आणि ओल्या पाच किलोतून सुका माल जेमतेम किलोभर हाती लागतो, म्हणून स्वस्तात कुणी देत असेल तर संशय घ्या. काळी मुसळी सालीसकट, आडव्या चकत्या करून मिळते, कडेला काळपट कड आणि आत फिकट, तोंडात टाकली तर बुळबुळीत अन् किंचित कडू. ताकदीच्या जाहिरातीत मात्र दोन्ही सारख्याच पांढऱ्या पावडरीच्या डब्यात असतात, तिथं ओळखायचं काही उरतच नाही.

वावराच्या धुऱ्यावर लावायची असेल तर सफेदला चकतीचा तुकडा लागलेली मूळ पाहिजे, नुसती मूळ पुरली तर ती सडते, कोंब येतच नाही. काढतानाही चकतीला दोन-तीन मुळ्या ठेवून परत मातीत दाबली तर पुढच्या मृगात ती पुन्हा उगवते. काळीला ही सोय नाही, कंद एकच, तो काढला की झाड संपलं, फक्त शेंड्याकडचा डोळा असलेला इंच-दीड इंचाचा तुकडा सावलीत, ओलीला लावून द्यायचा, आणि पानाच्या टोकांना लागलेली पिलं असतील तर ती जागची हलवायची नाहीत.