शिबिराला पाठवण्याआधी मुलांचे हात बघा

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या आमच्या क्लायंबिंग शिबिरांना मुलं पाठवणाऱ्या पालकांसाठी हे पत्रक आहे. वेळ, फी, डबा ही माहिती नोंदणी अर्जावर आहेच. इथे एकच गोष्ट सांगायची आहे, कारण प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी तिच्यात सगळ्यांचा वेळ जातो. ती म्हणजे नखं.

एका बॅचमध्ये बारा मुलं असतात आणि हातात दोन तास. त्यातल्या पाच-सहा जणांची नखं वाढलेली निघाली की आधी ती कापावी लागतात. एकच नेलकटर सगळ्यांत फिरवणं आम्हाला पटत नाही, म्हणून दरवेळी तो स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो. वीस-पंचवीस मिनिटं अशी जातात, आणि नखं नीट कापून आलेली मुलंही तेवढा वेळ हार्नेस, म्हणजे दोर जोडायचा पट्टा, घालून नुसती बसून राहतात.

नखांचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. चढायच्या भिंतीवर पकडीसाठी बोल्टने बसवलेले उंचवटे असतात, त्यांना होल्ड म्हणतात. लहान होल्डवर बोटाचं जेमतेम पहिलं पेर बसतं. पकड असते ती बोटाच्या मऊ भागाची. नख वाढलेलं असलं की होल्डला आधी नख लागतं, बोट मागे सरकतं आणि पकड बसतच नाही. मुलाला वाटतं, आपल्यात ताकद नाही. आणि पाय सटकला तर तेच नख उलटं वळतं. मागच्या दिवाळीत नऊ वर्षांच्या एका मुलीचं असंच झालं. भाऊबीजेची मेंदी हातावर ताजी होती, नखं हौसेने वाढवलेली होती. खालून तिसऱ्याच होल्डवर मधल्या बोटाचं नख अर्ध्यातून उलटलं. जखम लवकर भरली, पण शिबिराचे उरलेले दिवस तिला भिंतीला हात लावता आला नाही. ते दिवस तिने खाली बसून आठाची गाठ, म्हणजे दोर हार्नेसला बांधायची गाठ, शिकण्यात घालवले. मे महिन्यात ती पुन्हा आली, तेव्हा ती गाठ तिच्याइतकी नेटकी बॅचमध्ये कुणाचीच बसत नव्हती.

घरी तपासायची पद्धत सोपी आहे. मुलाला तळहात स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवून बोटं ताठ करायला सांगा. बोटाच्या टोकावरून नख डोकावताना दिसलं, तर कापायला हवं. मात्र अगदी मुळापर्यंत कापू नका, ते दुसऱ्या दिवशी होल्डवर दुखतं. पायाची नखंही बघा, क्लायंबिंगचे बूट घट्ट असतात. काही घरांत शनिवारी किंवा दिवेलागणीनंतर नखं कापत नाहीत हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच आमचं प्रत्येक शिबिर सोमवारी सुरू होतं, म्हणजे रविवारची सकाळ मोकळी मिळते.

अंगठी घरीच काढून ठेवा. ती होल्डच्या कडेला अडकली आणि पाय सुटले, तर अख्ख्या शरीराचं वजन त्या एका बोटावर येतं. कडं आणि लोंबते डूलही नकोत. देवाचा दोरा काढायला आम्ही सांगत नाही, त्यावर टेप गुंडाळून देतो. लांब केसांची वेणी घाला.

आता तेलाचं. दिवाळीत अभ्यंगस्नान करून मुलं थेट इकडे येतात, मे महिन्यात सनस्क्रीन लावून. असा हात होल्डवर पडला की तेल आणि चॉक (हात कोरडे राहावेत म्हणून लावायची पांढरी पूड) यांचा लगदा होतो आणि होल्डचा खरखरीतपणा भरून जातो. मग तो होल्ड काढायचा, साबणाच्या पाण्यात घासायचा, वाळवायचा आणि पुन्हा बोल्ट आवळून बसवायचा. निघताना तळहात साबणाने धुऊन पाठवलेत तरी पुरे.

या सगळ्यावर काही पालक म्हणतात, "फारच कडक आहात." नखं कापलेली नसतील तर त्या मुलाला आम्ही भिंतीवर सोडत नाही, हे खरं आहे आणि त्यात बदल होणार नाही. दोन तासांत मूल सात-आठ वेळाच का चढतं, असंही विचारलं जातं. वाढत्या वयात बोटांच्या हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात. थकलेल्या हातांनी लहान होल्डवर पुन्हा पुन्हा लोंबकळलं तर तिथेच इजा होते. म्हणून दोन चढायांच्या मध्ये विश्रांती असते, आणि त्या वेळात मुलं जोडीदाराची गाठ आणि हार्नेसचं बक्कल तपासायला शिकतात. ऑलिम्पिकमध्ये पंधरा मीटरची भिंत पाच सेकंदांच्या आत चढणारे खेळाडू बघून "तसं शिकवा" म्हणणारी मुलंही येतात. त्यांचा उत्साह आम्हाला फार आवडतो, पण या शिबिरात आम्ही वेगाचं घड्याळ लावत नाही.

बूट विकत घेऊ नका. मुलांचे पाय सहा महिन्यांत वाढतात. मापाचे बूट, हार्नेस, हेल्मेट आणि चॉक फीमध्येच आहेत. कंबर बारीक असलेल्या लहान मुलांना आम्ही पूर्ण अंगाचा हार्नेस देतो, कारण कंबरेचा हार्नेस त्यांच्या अंगावरून खाली सरकू शकतो. चार मुलांमागे एक प्रशिक्षक असतो, त्यामुळे बॅच बारावर थांबते आणि दिवाळीच्या जागा साधारण दसऱ्यापर्यंत भरतात. दोन शिबिरं पूर्ण केलेल्या मुलांना थंडीत सह्याद्रीतल्या खऱ्या कातळावर नेतो. तिथे नाव देण्याचा पहिला हक्क त्यांचाच असतो.

पहिल्या सोमवारी दारातच आम्ही प्रत्येकाचे हात बघतो. दहा मिनिटं आधी या.