मानेतल्या गाठींचा रिपोर्ट: त्यातले शब्द आले कुठून?

मागच्या महिन्यात आत्याने सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. शेवटच्या ओळीखाली पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या: ‘बायलॅटरल लेव्हल टू सबसेंटिमेट्रिक लिम्फ नोड्स, फॅटी हायलम मेंटेन्ड, लाइकली रिॲक्टिव्ह.’ म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंना, एक सेंटिमीटरहून लहान लसिका ग्रंथी, संसर्गाशी लढणाऱ्या गाठी. आणि त्याखाली तिचा प्रश्न: ‘गाठी म्हणजे तेच ना रे?’ ‘ते’ म्हणजे कॅन्सर, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ही धास्ती फार जुनी आहे. पायात काटा मोडून पिकला की जांघेत टणक गोळी येते, तिला गावाकडे अवधाण म्हणतात. जखम भरली की अवधाण बसतं, हे जुन्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. रिपोर्टमधलं ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे जवळपास हेच: आसपास कुठेतरी संसर्ग आहे आणि गाठ आपलं काम करते आहे. पण आपल्याच भाषेत गंडमाळही आहे. मानेभोवती माळेसारख्या उठणाऱ्या, एकमेकींना चिकटणाऱ्या, शेवटी फुटून वाहणाऱ्या गाठी. सुश्रुतसंहितेत अशा गाठींचं वर्णन अपची या नावाने येतं. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला आणि त्यानंतर गंडमाळ म्हणजे बहुतेक वेळा गाठींचा टीबी, हे उलगडत गेलं.

त्यानंतर आला प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात सैनिक घराघरांत शिरले. माणसांच्या काखा आणि जांघा गाठीसाठी तपासल्या जाऊ लागल्या. ‘गाठ सापडली’ या दोन शब्दांत दवाखान्यात नेणं, घर सोडणं, सामान जाळणं, सगळं आलं. मला वाटतं, आत्याच्या त्या प्रश्नामागे कुठेतरी तेही आहे.

गाठ शोधायचं साधन तेव्हा एकच होतं: बोटं. आजही चांगला डॉक्टर रुग्णाच्या मागे उभा राहून दोन्ही हातांनी मान चाचपतो. हनुवटीखालून जबड्याच्या कोनापर्यंत, मग मोठ्या स्नायूच्या कडेने खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत. गाठ मऊ आहे की टणक, हलते की रुतून बसली आहे, दाबल्यावर दुखते का, एवढं बोटांना कळतं. जागेवरूनही बरंच कळतं. डाव्या गळपट्टीच्या हाडावरच्या गाठीचा पोटातल्या कॅन्सरशी संबंध रुडॉल्फ फिरशोव यांनी १८४८ मध्येच दाखवला होता. मात्र खोलवरची, पाच-सात मिलिमीटरची गाठ बोटांना सहसा लागत नाही.

ती दिसू लागली ध्वनिलहरींमुळे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनल्ड १९५५ मध्ये, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी आणि सिस्ट (द्रवाने भरलेल्या पिशव्या) घेऊन एका बॉयलर कारखान्यात गेले होते. तिथे ध्वनिलहरींनी धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र होतं. १९५८ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि सोनोग्राफी वैद्यकात रुजली. मानेपर्यंत यायला मात्र तिला आणखी वेळ लागला. बारीक तपशील हवा तर लहरींची वारंवारता वाढवावी लागते, आणि वारंवारता वाढली की लहरी खोल जात नाहीत. पोटासाठी ही अडचण. मानेत सगळं कातडीखाली तीन-चार सेंटिमीटरांतच. १९८० च्या दशकात साडेसात मेगाहर्ट्झचे सपाट प्रोब (कातडीवर फिरवायचं साधन) आले आणि मानेचं चित्र स्वच्छ झालं. मग लक्षात आलं की निरोगी माणसाच्या मानेतही गाठी दिसतातच. शरीरात सुमारे ८०० लसिका ग्रंथी, त्यातल्या ३०० च्या आसपास मानेत. त्यांचं दिसणं हा आजार नाही, हे रिपोर्ट हातात देताना प्रत्येक रुग्णाला सांगायला हवं. बहुतेकांना कुणी सांगत नाही.

मग प्रश्न बदलला: दिसणारी गाठ चांगली कशी ओळखायची? रिपोर्टमधले बहुतेक शब्द या प्रश्नातून आले. ‘लेव्हल’ ही कॅन्सर सर्जनांची भाषा. मानेतल्या गाठी काढताना सगळ्यांनी एकच नकाशा वापरावा म्हणून १९९१ मध्ये अमेरिकेत एक ते सहा असे विभाग प्रमाण ठरले. लेव्हल दोन म्हणजे जबड्याच्या कोनामागचा वरचा भाग, आणि दात, टॉन्सिल, घसा यांचा निचरा तिथे होत असल्याने तिथल्या गाठी नेहमीच जरा मोठ्या. एक सेंटिमीटरचा आकडाही कॅन्सरच्या रुग्णांतून आला. ॲमस्टरडॅममध्ये व्हॅन डेन ब्रेकेल आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोजून १९९० मध्ये सुचवलं की लांबी सोडा, आडवी जाडी बघा. दहा मिलिमीटर ही मर्यादा, जबड्याच्या कोनाखालच्या, लेव्हल दोनमधल्या गाठींना अकरा. साध्या सर्दी-खोकल्याच्या माणसाला हाच आकडा कायद्यासारखा लावणं मला पटत नाही.

जाडीपेक्षा आकार आणि आतली रचना जास्त बोलते. निरोगी गाठ घेवड्याच्या दाण्यासारखी: लांबट, आणि मधोमध पांढरी रेघ. तीच हायलम. तिथून रक्तवाहिन्या आत शिरतात. तिथली चरबी पडद्यावर उजळ दिसते. गाठीत कॅन्सर किंवा टीबी पसरला की बऱ्याचदा ती रेघ पुसली जाते, दाणा वाटाण्यासारखा गोल होतो, आणि कलर डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, तो प्रवाह मधून न येता कडेने येताना दिसतो. हाँगकाँगमध्ये अनिल अहुजा आणि मायकेल यिंग यांनी अशा खुणांवर वर्षानुवर्षं काम केलं.

पण आजाराचं नाव सोनोग्राफी सांगू शकत नाही. एकमेकींना चिकटलेल्या, आतून वितळलेल्या गाठी दिसल्या की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. तरीही एफएनएसी करावी लागते, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासाव्या लागतात, आणि द्रव सीबीनॅट या टीबीच्या जंतूच्या जनुकीय चाचणीला पाठवावा लागतो. उलट बाजूही आहे: मान साफ वाटली तरी आत कॅन्सर लपलेला असू शकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे, तपासणीत मान साफ असलेले रुग्ण घेऊन मोठी चाचणी झाली. निम्म्यांच्या मानेतल्या गाठी सुरुवातीलाच काढल्या, बाकीच्यांच्या गाठ आल्यावर. २०१५ मध्ये निकाल आला: तीन वर्षांनी हयात असलेले पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ६७.५. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात न भरणारी जखम असेल, तर मान साफ असल्याच्या रिपोर्टवर विसंबून घरी बसू नये, ते यासाठी.

आत्याने आयुष्यात कधी तंबाखूला हात लावलेला नाही. ताप नाही, वजन उतरलेलं नाही. फोनवर बोलता बोलता कळलं, उजवी खालची दाढ दोन महिने ठणकते आहे आणि ती लवंग दाबून दिवस काढते आहे. रिपोर्टमध्ये उजवीकडची मोठी गाठ आठ मिलिमीटर, डावीकडची पाच. दंतवैद्याकडे दाढेचं रूट कॅनाल सुरू झालं आहे, आणि डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा मानेची सोनोग्राफी सांगितली आहे. जुना रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्यायला तिला बजावून ठेवलं आहे, म्हणजे त्याच दोन गाठी मोजता येतील.