बाहेरून टेंट मागवला आणि वर ड्युटी बसली: ही भानगड आली कुठून?

परदेशातल्या दुकानातून टेंट, स्लीपिंग बॅग नाहीतर ट्रेकिंग शूज मागवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. साइटवर दिसली ती किंमत भरली, शिपिंग भरलं, पार्सल निघालं म्हणून खूश झालो आणि मग कुरिअरचा मेसेज, एवढे एवढे भरा तर सामान सोडतो. मग वाटतं सरकारने परवाच काहीतरी नवीन टॅक्स काढला असणार. तसं नसतं बहुतेक वेळा. ड्युटी जुनीच असते, काही तर पणजोबांच्या काळातल्या, इतकी वर्षं छोट्या पार्सलला जी सूट मिळत होती ती आता एकेका देशात बंद होत चाललीये, आणि आउटडोअरचं सामान तसंही त्या सुटीच्या काठावरच असायचं.

सूट कशी आली ते आधी बघू. १८७४ मध्ये बर्नला टपालाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १८८० मध्ये पॅरिसला पार्सलांचाही झाला. त्यानंतर घरोघरी परदेशातून पुडकी यायला लागली. बंदरात जहाज लागलं की हजार गाठींचा हिशोब एका कागदावर करायची सवय असलेल्या कस्टम्सवाल्यांना ही एकेक पुडकी उघडून, किंमत ठरवून, चार पैसे वसूल करणं परवडेना. अमेरिकेचा १९३० चा टॅरिफ कायदा, तोच तो स्मूट-हॉली, ज्याने ड्युटी आकाशाला नेल्या, त्यात १९३८ मध्ये कलम ३२१ घातलं, की वसुलीचा खर्च वसुलीपेक्षा जास्त होणार असेल तर सोडून द्या. मर्यादा किती, तर साधारण मालाला १ डॉलर. म्हणजे ग्राहकाचं भलं वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं, कारकुनाचा वेळ वाचवायचा होता. पुढे १९७८ मध्ये ५ डॉलर, १९९३ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये एकदम ८००. आठशे डॉलरमध्ये चांगला टेंट, मॅट, स्टोव्ह सगळं बसतं, त्यामुळे तिथल्या लोकांना ड्युटी नावाची गोष्ट असते हेच विसरायला झालं.

दुसरा धागा कुरिअरचा. १९६९ मध्ये डीएचएल सुरू झाली ती कशासाठी, तर सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जहाजाची कागदपत्रं विमानाने पुढे न्यायला, म्हणजे जहाज पोचायच्या आधीच कस्टम्सचं काम सुरू होईल. माल नाही, फक्त कागद! या धंद्याचा जन्मच कस्टम्सच्या रांगेतून झालाय. आजही कुरिअर तुमच्या वतीने ड्युटी आधी भरून टाकतो आणि मग तुमच्याकडून ड्युटी अधिक स्वतःचा हँडलिंग चार्ज घेतो, आणि छोट्या पार्सलवर कधीकधी हा चार्जच ड्युटीपेक्षा जास्त निघतो. खरी चिडचिड इथेच होते असं माझं मत आहे, कारण सरकारचा दर निदान कुठेतरी छापलेला असतो.

आता दर. १ जानेवारी १९८८ पासून जगभर एकच कोडपद्धत आहे, हार्मोनाइज्ड सिस्टम, ब्रसेल्सची वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशन ती सांभाळते. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे. टेंट ६३०६ मध्ये, स्लीपिंग बॅग ९४०४ मध्ये, सॅक ४२०२ मध्ये, म्हणजे सुटकेसी आणि पर्सच्या शेजारी. ट्रेकर्ससाठी 'आउटडोअर' असा वेगळा कप्पा या पद्धतीत नाहीच. आपण एका दुकानातून एका खोक्यात सगळं मागवतो पण कस्टम्सला त्यात शिवलेलं कापड, चपला-बूट, सामानाच्या बॅगा आणि गाद्या-उशा दिसतात. होय, स्लीपिंग बॅग गाद्या-उशांच्या खात्यात आहे.

आणि कापड आणि बूट हेच नेमके महाग कप्पे. श्रीमंत देशांनी यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स यांच्यावरचे दर वाटाघाटी करत करत खाली आणले पण गिरण्या आणि बुटांचे कारखाने वाचवायला तिथे हात आखडता ठेवला. १९७४ पासून मल्टी फायबर अरेंजमेंट नावाने कापडावर कोटा होता, तो पूर्ण उठला २००४ संपताना. कोटा गेला, दर राहिले. म्हणून युरोपियन युनियनमध्ये टेंटवर १२ टक्के, जॅकेटवर १२, बऱ्याच बुटांवर १७ च्या आसपास, आणि स्लीपिंग बॅगवर फक्त ३.७.

अमेरिकेची यादी तर वाचायला मजा येते. बॅकपॅकिंगचा टेंट असेल तर मूळ दर शून्य, त्याच कापडाचा मोठा फॅमिली टेंट असेल तर ८.८ टक्के. स्लीपिंग बॅगेत वजनाच्या २० टक्के किंवा जास्त पिसं असतील तर ४.७, नाहीतर ९. सिंथेटिक कापडाचं विणलेलं जॅकेट 'वॉटर रेझिस्टंट' ठरलं तर ७.१ आणि नाही ठरलं तर २७.७! आणि ठरवायचं कसं, तर रबर किंवा प्लॅस्टिकचं कोटिंग हवं, आणि ६०० मिलिमीटर पाण्याच्या दाबाखाली दोन मिनिटांत एक ग्रॅमपेक्षा जास्त पाणी आत येता कामा नये. म्हणजे आत कोटिंगचा पातळ थर द्यायचा की नाही हे काही कंपन्या पावसापेक्षा या ओळीकडे बघून ठरवत असतील तर नवल वाटायला नको. हे सगळे मूळ दर बरं का, २०२५ मध्ये त्यावर जे थर चढले ते वेगळे.

हिशोब एकदा करूनच बघा. जर्मनीतल्या माणसाने अमेरिकेच्या दुकानातून ४०० युरोचा टेंट घेतला, शिपिंग ५०. युरोपात ड्युटी वाहतूक धरून लावतात, म्हणजे ४५० वर १२ टक्के, झाले ५४. मग ५०४ वर १९ टक्के व्हॅट, ९५.७६. म्हणजे दीडशे युरो वर, कुरिअरचा चार्ज अजून धरलेलाच नाही. टॅक्सवर टॅक्स कसा म्हणून लोक चिडतात पण नियम तसाच आहे, आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांनी ड्युटीसाठी वाहतूक न धरायची पद्धत ठेवलीये म्हणून तिथलं गणित युरोपात लावलं की चुकतं.

छोट्या पार्सलांची सूट आक्रसायला सुरुवात झाली ती ऑनलाइन खरेदीमुळे. स्थानिक दुकानदारांची ओरड होती की आम्ही टॅक्स भरतो आणि परदेशी साइट फुकटात विकते, आणि त्यात तथ्य होतं. ऑस्ट्रेलियात १००० डॉलरच्या आतलं पार्सल मोकळं यायचं, तिथे १ जुलै २०१८ पासून विकतानाच जीएसटी कापायला लावला, न्यूझीलंडने १ डिसेंबर २०१९ पासून तसंच केलं. युरोपने २२ युरोपर्यंतची व्हॅटची माफी १ जुलै २०२१ ला काढली, १५० युरोपर्यंतची ड्युटीची माफी ठेवली, आणि २०२५ च्या डिसेंबरात ठरवलं की १ जुलै २०२६ पासून त्या छोट्या पार्सलांवरही वस्तूमागे ३ युरो. अमेरिकेने चीन-हाँगकाँगसाठी २ मे २०२५ ला आणि उरलेल्या जगासाठी २९ ऑगस्ट २०२५ ला आठशेची सूट थांबवली. त्या ऑगस्टमध्ये बऱ्याच देशांच्या टपालखात्यांनी अमेरिकेला जाणारी पार्सलं घेणंच काही काळ बंद केलं होतं, कारण ड्युटी आधी गोळा करायची व्यवस्थाच त्यांच्याकडे नव्हती.

या सगळ्यात ब्रेक्झिटचा किस्सा सगळ्यात चकवा देणारा. जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि युरोपमध्ये करार आहे, ड्युटी शून्य, असं सगळ्यांनी ऐकलेलं. तरी ब्रिटिश दुकानातून जॅकेट मागवलेल्या युरोपातल्या लोकांना ड्युटी लागली. कारण शून्य फक्त तिथे बनलेल्या मालाला, आणि ब्रँड ब्रिटिश असला तरी जॅकेट शिवलेलं असतं व्हिएतनाम, चीन नाहीतर बांगलादेशात. कस्टम्स दुकान कुठलं हे बघत नाही, वस्तू कुठे बनली ते बघतं. आउटडोअर गिअरमध्ये हे जवळजवळ सगळ्यांना लागू होतं, कारण युरोप-अमेरिकेत शिवून विकणारे ब्रँड बोटांवर मोजण्याइतके.

आता बऱ्याच साइट ड्युटी चेकआउटलाच घेतात, डीडीपी म्हणतात त्याला. डीएपी लिहिलं असेल तर समजायचं की दारात आल्यावर भरायचंय. आणि जुनी सॅक किंवा टेंट वॉरंटीत दुरुस्तीला परदेशी कंपनीकडे पाठवत असाल तर परत येताना पुन्हा ड्युटी लावली जाऊ शकते. त्यावर सवलत बहुतेक देशांत असते, पण ती मिळते पाठवायच्या आधी कागद केले असतील तर, आणि परतीच्या लेबलवर 'दुरुस्तीहून परत' असं स्पष्ट लिहायला कंपनीला आठवण करावी लागते.